उघड्या कार्डावरचं वजन

गेल्या महिन्यात आमच्या मराठी मंडळातल्या एका मुलीकडे बारशाला गेले होते. ती मला सहज म्हणाली, "मावशी, ती वॉर्ड ऑफिसची नर्स येते ना बाळ बघायला, तिला मी घरात घेतच नाही. सगळा पसारा असतो. बेल वाजली की आम्ही दोघं गप्प बसून राहतो." आणि हसली. तिच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. पण माझ्या हातातला पेढा हातातच राहिला. तिला तिथेच सांगायला हवं होतं, पण बारशाच्या घरात असलं बोलवेना. म्हणून लिहायला बसले. माझं शिक्षण आठवीपर्यंत, तेही चिपळूणजवळच्या खेड्यात. पुढचं सगळं वाचून वाचून जमवलेलं. तेव्हा शुद्धलेखनाचं तेवढं सांभाळून घ्या.

माझ्या बाबतीत जे घडलं त्याला आता तीस वर्षं होत आली.

खोकला

हे जपानात, नागोयात एका इंडियन रेस्टॉरंटमध्ये कुक होते. तेव्हा इथे आपली माणसं थोडी, आणि होती ती बहुतेक कंपनीची. त्यांना कंपनी घर द्यायची. आमचं घर म्हणजे रेल्वेच्या रुळांलगतच्या इमारतीत वरच्या मजल्यावर दीड खोली, चढायला लोखंडी जिना. पगार असा की महिनाअखेरीला रेस्टॉरंटमधली उरलेली डाळच आमचं जेवण. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. इथे आल्यावर दुसऱ्या वर्षी दिवस राहिले. मी चौतीस वर्षांची. बाळंतपणाला गावाहून सासूबाई आल्या, तीन महिन्यांच्या व्हिसावर. त्यांना मी आईच म्हणायची.

खोकला मला सातव्या महिन्यापासून होता. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई मोठी साळसूद. संध्याकाळी अंग कढत व्हायचं, रात्री पाठ घामाने भिजायची. मी दवाखान्यात त्यातलं काही बोलले नाही. यांचं काम स्वयंपाकघरातलं. कुकच्या घरात कोणी खोकतंय असं मालकाच्या कानावर गेलं असतं तर? मी उशीत तोंड खुपसून खोकायची. नळ सोडून खोकायची. गाडी जाताना खोकायला तर इतकी शिकले होते की गाडीचा आवाज आला की आपोआपच उबळ यायची.

मुलगा झाला, दोन किलो आठशे ग्रॅम. आईंनी त्याच्या कपाळावर एवढी मोठी तीट लावली की जपानी नर्सने ती दोनदा पुसून काढली. तिला वाटलं काहीतरी लागलंय.

सेकी आणि शेक

इथे गरोदरपणात वॉर्ड ऑफिसमधून आईबाळाची एक वही मिळते. तिच्यात एक कार्ड असतं. मूल झालं की ते भरून पोस्टात टाकायचं, मग आरोग्य केंद्रातली बाई घरी येते, फुकट. आम्ही कार्ड टाकलं होतं ते फुकट आहे म्हणूनच.

अठराव्या दिवशी नोदा-सान, म्हणजे नोदाबाई, आल्या. पन्नाशीच्या, बुटक्या, सायकलवरून. बूट काढले, हात धुतले, पिशवीतून एक काटा काढला, हातात धरायचा, खाली आकडा असलेला. बाळाला कापडात बांधून त्या आकड्याला अडकवलं आणि उचलला की वर. आईंच्या तोंडचं पाणी पळालं.

"अगं सुमन, बांगडे तोलल्यासारखं तोलतेय ही. आणि मोठ्यानं वाचू नको म्हणावं. तान्ह्याचं वजन सांगत नाहीत, दृष्ट लागते."

नोदा-सान तोवर मोठ्याने वाचून मोकळ्या झाल्या होत्या.

मग त्यांनी माझी चौकशी सुरू केली. झोप, जेवण, दूध. आणि माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, "सेकी वा?"

मला ऐकू आलं, शेक. म्हटलं, बघा, यांच्यातही बाळंतिणीला शेक देतात. आई रोज तवा तापवून, ओव्याची पुरचुंडी करून माझी पाठ शेकायच्या. मी खुशीत सांगितलं, रोज. किती वेळा? बोटं दाखवली, दोन, सकाळ-संध्याकाळ. कधीपासून? बाळ झाल्यापासून, अठरा दिवस. आई पण मागून मान हलवत होत्या, आपलं कौतुक होतंय म्हणून.

सेकी म्हणजे खोकला. हे मला माहीत नव्हतं. खोकल्याला मी आपली "कोन् कोन्" म्हणायची. खोकला आहे का असं मला कळेल अशा शब्दांत कोणी विचारलं असतं, तर मी नाही म्हणाले असते, अगदी डोळ्यांत बघून. त्या बाईने वहीत लिहिलं, रोज खोकला, दिवसातून दोनदा, अठरा दिवस. वही मिटली. तिचा चेहरा बदलला नाही, पण जाताना तिने खिडकी उघडली. डिसेंबरात. आई म्हणाल्या, "काय बाई आहे, बाळंतिणीच्या खोलीत वारा घालून गेली."

शब्दाचा अर्थ

दोन दिवसांनी आरोग्य केंद्रात छातीचा फोटो काढला. बाळंतपणानंतर सगळ्यांचाच काढत असतील असं मी धरून चालले होते. मी बाळाला मांडीवर घेऊन बसलेली, शेजारी हे, समोर डॉक्टर, बाजूला नोदा-सान. डॉक्टरांनी फोटो उजेडावर लावला. डाव्या बाजूला वर कापूस पिंजून ठेवल्यासारखं काहीतरी होतं. ते म्हणाले, "केक्काकु."

आम्ही दोघंही त्यांच्याकडे बघत राहिलो. नोदा-साननी खिशातून छोटी डिक्शनरी काढली, पानं उलटली, आणि एका इंग्रजी शब्दाखाली बोट धरून यांच्यापुढे केली. यांनी वाचलं. मला अर्थ तोंडाने सांगितलाच नाही. उठले आणि माझ्या मांडीवरून बाळ उचलून घेतलं. उचललं आणि दोन पावलं मागे सरकले, पाठ भिंतीला लागेपर्यंत.

तेवढ्यावरून मला कळलं. क्षय.

मी त्याला काही वेळापूर्वीच पाजलं होतं. माझ्या ब्लाउजवर दूध ओलं होतं. त्याच दिवशी मला शहराबाहेरच्या हॉस्पिटलात नेलं, घरी परत न जाता. गाडीत बसताना नोदा-साननी माझ्या तोंडाला मास्क लावला आणि कानामागची दोरी नीट केली, शाळेत जाणाऱ्या पोरीची करावी तशी. बाळाला तपासतील, त्याला औषध सुरू करतील, त्या स्वतः दर मंगळवारी त्याला बघायला जातील, एवढं मला त्यांच्या बोलण्यातून समजलं. त्याला लागण झाली का, हे मी विचारलं. त्या म्हणाल्या, अजून माहीत नाही. इथली माणसं सहसा असं तोंडावर म्हणत नाहीत, काहीतरी गोड बोलतात. त्या बोलल्या नाहीत, म्हणूनच मी जास्त घाबरले.

वॉर्ड

वॉर्डात सहा खाटा, माझ्याशिवाय सगळ्या म्हाताऱ्या. खिडकीबाहेर देवदारासारखी झाडं, त्यांच्यापलीकडे काही नाही. सकाळी सहाला छोट्या डबीत कफ द्यायचा. मग गोळ्या, नर्ससमोर गिळायच्या, तोंड उघडून दाखवायचं. त्या गोळ्यांनी लघवी केशरी व्हायची. पहिल्या दिवशी ते बघून मी संडासात किंचाळले होते, कारण आधी कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून मी सांगते. घाबरू नका, ते औषधाचं असतं.

दुधाचं मात्र कोणी सांगून भागत नाही. ते येतच राहतं. छाती दगडासारखी झाली, ताप चढला, आणि दूध पिळून बेसिनमध्ये टाकायचं. शेजारच्या खाटेवर ऐंशीच्या एक आजी होत्या, आम्ही त्यांना ओबाआसान म्हणायचो, म्हणजे आजीच. त्यांनी जेवणाच्या गाडीवाल्याकडून कोबीची कच्ची पानं मागून घेतली आणि माझ्या हातात दिली. छातीवर ठेव म्हणून खुणा केल्या. गार वाटलं. तीन दिवस आम्हा दोघींचा हाच धंदा. चौथ्या आठवड्यात एका सकाळी त्यांच्या खाटेभोवती पडदा ओढलेला होता. दुपारी गादी गुंडाळून ठेवलेली दिसली. 

खोकल्याची माझी लबाडी कशी उघडी पडली ते मला तिथेच कळलं. नर्सने माझे कागद वाचून विचारलं, सेकी अजून दिवसातून दोनदाच का? आणि छातीवर मूठ ठेवून खोकून दाखवलं. शेकाची सगळी गंमत तेव्हा माझ्या डोक्यात उजळली. मी हसायला लागले, हसता हसता उबळ आली, आणि डबीत पहिल्यांदा रक्त दिसलं.

कार्डं

नोदा-सान शब्दाला पक्क्या. मंगळवारी घरी जायच्या, गुरुवारी मला पोस्टकार्ड यायचं. मला त्यांची अक्षरं वाचता येत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून कार्डावर फक्त आकडा. बाळाचं वजन. आणि खाली पेनने काढलेला एक छोटा चेहरा, कधी हसरा, कधी झोपलेला.

3340. हसरा. 3520. झोपलेला. 3690. तोंड वासून रडणारा, तो बघून मला काय आनंद झाला. म्हटलं, रड बाबा, रड.

मग 3700.

मी म्हटलं, दहा ग्रॅम का होईना, वाढलं तर आहे. ते कार्ड मी दिवसभर बघत होते. पुढच्या गुरुवारी आलं, 3610. खाली चेहरा नव्हता.

त्याच्यानंतरच्या गुरुवारी कार्ड आलंच नाही. त्याच्याही पुढच्या गुरुवारी नाही.

हे रविवारी यायचे, काचेपलीकडे उभे राहायचे. विचारलं तर म्हणायचे, "ठीक आहे गं, आई बघतेय ना. तू गोळ्या घे." बोलताना माझ्याकडे न बघता खिशातल्या किल्ल्या वाजवायचे. अकरा वर्षांच्या संसारात त्या किल्ल्या मला पाठ होत्या. खोटं बोलायचं असलं की वाजायच्या.

फोन

मंगळवारी दुपारी जेवण टाकून मी कॉरिडॉरमधल्या हिरव्या फोनकडे गेले. यांनी दिलेलं टेलिफोनचं कार्ड घातलं आणि घरी लावला. आईंनी उचलला.

"जेवलीस?"

"जेवले. बाळ कसंय?"

"निजलाय."

"दूध पितो ना?"

"पितो की. तू तुझं बघ. अंगाला काही..."

आणि फोनमधून मला आमच्या दाराची बेल ऐकू आली.

"कोण आलंय, आई?"

"कोणी नाही."

बेल पुन्हा वाजली. मग दारामागून, लांबून, "गोमेन कुदासाई", म्हणजे आहे का कोणी घरात. मी आवाज ओळखला.

"आई, नोदा-सान आहेत."

"हळू बोल." त्या फोनला तोंड लावून कुजबुजत होत्या. "जाईल ती. गेल्या खेपेलाही गेली."

"गेल्या खेपेला? तुम्ही दार उघडलं नाहीत?"

"नाही उघडलं. ती लिहिते आणि पोर उतरतं. उघड्या कार्डावर, सुमन. पोस्टमन वाचतो, तुझ्या त्या हॉस्पिटलातल्या बाया वाचतात. तान्ह्याचं वजन असं कोणी गावभर करतं का? मी बंद केलं ते. आणि तुला माझ्या दत्तानं सांगितलं नसेल, ती बाई काय म्हणाली ते. माझा व्हिसा संपला की बाळाला ठेवायला सरकारी घर आहे म्हणाली. काटा घेऊन येते ती कशाला? एक दिवस तोलील आणि नेईल उचलून."

मी ऐकत होते, पण माझे कान दुसरीकडेच लागले होते.

"आई, बेल दोनदा वाजली. तो रडला का नाही?"

"दमलाय."

"बेलनं दचकायचा तो. गाडी गेली तरी दचकायचा."

फोनमधून त्याला थोपटल्याचं ऐकू आलं.

"आई, दार उघडा."

"तू आजारी माणूस, तू यात पडू नको."

मी त्यांना कधी उलट शब्द बोलले नव्हते. भाजीत मीठ जास्त पडलंय हेसुद्धा मी यांच्याकरवी सांगवायची. पण त्या दिवशी माझ्या तोंडून जे निघालं ते मला आजही नीट लिहवत नाही.

"हो, मी आजारी आहे. माझ्या कफात अजून जंतू आहेत, कालच सांगितलंय मला. तुम्ही दार उघडलं नाहीत तर मी हा मास्क इथे टाकते आणि बस धरते. तासा-दीड तासात घरी येते आणि तुमच्या मांडीवरून बाळ घेते. छातीशी धरते त्याला. मला कोण अडवील? तुम्ही?"

मग रिसीव्हर चटईवर ठेवल्याचा आवाज. पावलं. साखळी निघाली. नोदा-सानचा नेहमीचा गोड नमस्कार ऐकू आला, आणि तो अर्ध्यातच थांबला. त्यानंतर त्या भराभर बोलत होत्या, त्यातला एकच शब्द मला कळला. अँब्युलन्सचा. तेवढ्यात माझं कार्ड संपलं आणि फोन टूं टूं करायला लागला.

मी तिथेच खाली बसले. नर्स येऊन उठवून गेली. संध्याकाळपर्यंत मला कोणी काही सांगितलं नाही, आणि तो जिवंत आहे की नाही हे जपानीत कसं विचारायचं ते मला सुचेना. शब्द येत होते. जोडता येत नव्हते.

यांनी सांगितलं ते

सातच्या सुमाराला हे आले. रेस्टॉरंटच्या कपड्यांत, कांद्याचा वास. काचेपलीकडून आधी हात वर केला, म्हणजे आहे. मग बोलले.

बाळाची टाळू खोल गेली होती. ओठ कोरडे पडलेले, हाक मारली तर पापणी तेवढी हलायची. औषधाच्या पावडरच्या पुड्या आईंनी तीन आठवड्यांपूर्वीच बंद केल्या होत्या, कारण पुडी घातली की तो ओकायचा. सगळ्या बिस्किटाच्या डब्यात नीट रचून ठेवलेल्या. आणि डब्यातलं दूध उष्ण पडतं म्हणून निम्मं पाणी. वाईट मनानं काही केलं नव्हतं. रात्र रात्र त्याला मांडीवर घेऊन बसायच्या, रामरक्षा म्हणायच्या. त्यांच्या मांडीवरच तो सुकत चालला होता.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"दार उघडत नाही एवढं माहीत होतं. बाकीचं नाही." या वेळी किल्ल्या वाजल्या नाहीत. "सुमन, आई म्हणाली पोराला घेऊन जातील. मलाही तसंच वाटलं."

फोटोत त्याच्या फुफ्फुसाच्या मुळाशी सावली निघाली. माझीच. त्याला लागण झाली होती. पुरतं औषध सुरू केलं, नळीने दूध दिलं. पहिले पाच दिवस डॉक्टर हो पण म्हणेनात, नाही पण म्हणेनात. ते पाच दिवस मी लिहिणार नाही.

सहाव्या दिवशी तो रडला. नोदा-साननी वॉर्डात फोन करून मला बोलावून घेतलं आणि रिसीव्हर त्याच्या तोंडाशी धरला.

पाकीट

नोदा-सान आईंना रागावल्या नाहीत. मला वाटलं होतं आता खरंच बाळ नेतील. त्याऐवजी तो हॉस्पिटलातून घरी आल्यावर त्यांनी काटा आईंच्या हातात दिला. उचला म्हणाल्या. दुधाच्या बाटलीवर लाल पेनने रेघ ओढून दिली, इथपर्यंत पाणी, मग इतके चमचे. पुडी कशी द्यायची ते चार वेळा करून दाखवलं. बाळाला नेणार नाही, तुम्ही त्याच्याजवळ राहायला हव्यात, असं यांच्याकडून त्यांना सांगवलं, आणि व्हिसा वाढवायला चिठ्ठी दिली. आणि दृष्टीचं सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, बरं, मग आपण पाकिटात घालू.

तेव्हापासून मला वजन बंद पाकिटात यायला लागलं. कोपऱ्यात काजळाचा काळा ठिपका, आईंच्या बोटाचा. आत आकडा. तरी दर गुरुवारी पाकीट फोडायच्या आधी मी ते बराच वेळ नुसती धरून बसायची.

त्या मुलीला, आणि तिच्यासारख्या सगळ्यांना माझं सांगणं एवढंच. पसारा असू दे. भाषा येत नसली तर नसू दे, मी तर चुकीच्या शब्दाला हो म्हणून जगले. आणि घरात जे म्हातारं माणूस बाळ सांभाळतंय त्याला भीती कशाची वाटते ते आधी विचारा. मी विचारलं नव्हतं. यांनीही नाही.

घरी

कफाचे तीन रिपोर्ट लागोपाठ स्वच्छ आले तेव्हा बाळ पाच महिन्यांचं होत आलं होतं. जिना चढताना दोनदा थांबले, दमाने नव्हे. दार आईंनी उघडलं, पण बाजूला झाल्या नाहीत. बाळ त्यांच्या कडेवर. गुबगुबीत म्हणणार नाही, पण गालाला हाड दिसत नव्हतं.

"कागद?" त्या म्हणाल्या.

मी रिपोर्ट काढून दिला. त्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. त्यांनी तो उजेडात धरून गोल लाल शिक्का शोधला, त्यावर बोट फिरवलं, आणि मग विचारलं, "हात धुतलेस?"

मी हात धुऊन आले. त्यांनी बाळ माझ्याकडे दिलं. त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि आजीकडे दोन्ही हात पसरून असा टाहो फोडला की खालच्या मजल्यावरची बाई बाहेर आली. आईंचे व्हिसाचे दहा दिवस उरले होते. त्या माझ्याकडे बघेनात, मी त्यांच्याकडे बघेना.

रडून रडून तो माझ्या खांद्यावर झोपला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता भीती नाही, जवळ घ्या, मुके घ्या. मला सगळं कळत होतं. त्याचं डोकं माझ्या गालाशी होतं, दुधाचा आणि घामाचा वास येत होता. मी तोंड भिंतीकडे वळवलं, श्वास सोडला, पुन्हा घेऊन रोखला, आणि मगच त्याच्याकडे वळले.